मारिटला, वेळापत्रक मागितल्यावर

वेळापत्रक मागितलंस, मारिट.
होतं माझ्याकडे एक. रंगीत, आठ रकान्यांचं,
ऑगस्टात फ्रिजवर चिकटवलेलं.
सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
त्याच्या पाठीवर मी किराणा लिहिला:
यीस्ट, मीठ, डिझेलचं बिल, रोमानला बूट.
पुढे वर्षभर पाठच वरच्या बाजूला राहिली.

तरी सांगते, हाताला जे लागलं ते.

आधी शेगडी, मग गणित.
उणे बत्तिसात गारठलेल्या बोटांना
भागाकार जमत नाही,
आईच्या तोंडाला तर त्याहून नाही.
कोंबड्यांच्या भांड्यातला बर्फ फोडायला
दोघांना एकदम पाठव.
एकटा गेलेला ट्रॅक्टरखाली काहीतरी शोधत बसतो.
बसू दे. फक्त टोपी आहे ना डोक्यावर, बघ.

धुणं सोमवारी काढू नकोस.
सगळी प्रेअरी सोमवारी धुते
आणि सोमवारीच सगळ्यांना रडू येतं.
मी गुरुवारी लावते.
मोजे जुळवणं सगळ्यात धाकट्याचं काम.
लेस्या चार वर्षांची होती,
बिनजोडीच्या मोज्यांना तिनं नावं ठेवली,
म्हणजे खरोखरची नावं.
ओस्तापकाका अजून आहेत आमच्याकडे,
राखाडी, टाचेला भोक.

बीटचं सूप रविवारी, मोठ्या पातेल्यात, तीन दिवसांचं.
मंगळवारी त्याला जो नाक मुरडेल
त्याच्याच हाती बुधवारची चूल.
दारका अकराव्या वर्षी अशीच शिकली,
रागारागानं.
तिच्या हाताला अजून तीच चव आहे, जरा तिखट.

आता तुझ्या हाल्वरचं.
सात वर्षांचा झाला नि अक्षर लागत नाही, म्हणालीस.
माझा रोमान नऊ वर्षांचा होता.
मी अक्षर दाखवायची, तो खिडकी दाखवायचा.
बहीण सास्काटूनहून फोन करायची
आणि हवामान विचारल्यावर गप्प बसायची,
मी काय ते समजावं म्हणून.

फेब्रुवारीतली रात्र. बोहदान तीन आठवड्यांसाठी रिगवर.
गोठ्यात मी, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गाईत,
औषधाची बाटली रोमानच्या हातात, टॉर्च त्याच्या काखेत.
किती द्यायचं ते वाच, म्हटलं.
विसरलेच होते मी, त्याला वाचता येत नाही ते.
तोही विसरला असावा.
अडखळत, एक शब्द दोनदा, आकडा मात्र अचूक,
आणि थांबेचना, तळापर्यंत गेला:
थंड जागी ठेवा.
आमच्या श्वासाची वाफ होत होती आणि आम्ही हसत होतो.

वासरू वाचलं नाही, मारिट.
रोमाननं वाचलं.
दोन्ही गोष्टी मी त्या दिवशीच्या वहीत लिहिल्या,
एकाच ओळीत, कारण पेनाची शाई गोठत होती.

यातून काही शिकायचं असेल तर शीक, नाहीतर सोड.
दर मुलासाठी गाय आणता येत नाही.

हां, आणि एक.
एखाद्या दुपारी अंगणातल्या गाडीत जाऊन बसशील,
हीटर लावून, दार आतून बंद करून,
बिस्किटांचा अख्खा पुडा संपवशील.
मुलं खिडकीला नाक लावून बघतील.
काच खाली करू नकोस. पंधरा मिनिटं.
त्या दिवशी वहीत लिही: स्वाध्याय.
फॉर्मवर 'उद्दिष्टे' असा रकाना येतो
त्यातही तेच लिहिलंस तरी चालेल.
मी दोनदा लिहिलंय, कोणी विचारलं नाही.

रस्ता साफ झाला की ये. मुलांना आण.
हाल्वरला सांग, आमच्याकडे पुस्तकं आहेत,
आणि ट्रॅक्टरखाली जागा आहे.
येताना माझं मोठं पातेलं मात्र परत आण.
परवा रविवार.